‘घे की घोटभर!’ : आठवी ते बारावीच्या मुलांसोबत दारूवर सत्र घेताना

मुख्याध्यापकांचा फोन येतो, “शुक्रवारी शेवटच्या दोन तासिका देतो, मुलांना जरा व्यसनांवर सांगा.” आपण हो म्हणतो आणि रात्री बसून सडलेल्या यकृताचे फोटो शोधायला लागतो. तेवढी मेहनत वाचवा. दारू वाईट हे मुलांना पाठ असतं, निबंधात त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळालेले असतात. येत नाही ते वेगळंच. हळदीच्या रात्री मंडपामागे मामेभावाने ग्लास पुढे केला, तर तोंडातून नेमकं काय काढायचं?

काही वर्षं शाळांमध्ये आणि ज्युनिअर कॉलेजांत अशी सत्रं घेतोय. पहिल्यांदाच उभे राहणाऱ्या शिक्षकांसाठी, आरोग्यसेवकांसाठी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहितोय. पालकांनी घरी स्वतःच्या मुलाशी बोलायचं असेल तर ३, ५ आणि ६ हे टप्पे तसेच्या तसे वापरता येतील.

१. जाण्याआधीची तयारी

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- मुख्याध्यापकांचं लेखी पत्र. तोंडी ‘या कधीही’वर जाऊ नका. उद्या एखाद्या पालकाने “आमच्या पोरांना दारूची मापं शिकवली” म्हणून तक्रार केली, तर हाच कागद कामाला येतो.
- पालकांसाठी चार ओळींची चिठ्ठी: विषय काय, कोण बोलणार, किती वेळ. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली तरी चालते.
- स्वतःच्या ओळखपत्राची प्रत.
- प्रत्येक मुलासाठी कोऱ्या कागदाचा तुकडा आणि एक बंद डबा.
- प्रयोगशाळेतलं मोजपात्र, पाण्याची बाटली, तीन-चार ग्लास.
- मोठ्या अक्षरातला कागद, वर्गात कायमचा चिकटवायला: चाइल्डलाइन १०९८, व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, रुग्णवाहिका १०८, कुठलीही आणीबाणी ११२.

दारूची बाटली, रिकामीसुद्धा, शाळेत नेऊ नका. कोणीतरी फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरतो.

सभागृहात चारशे मुलं बसवून देत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. एका वेळी एक वर्ग घ्या. मुलं-मुली एकत्रच बसू द्या. मुलींना वेगळं काढलं की ‘हा मुलांचा विषय’ असा निरोप आपोआप जातो, आणि तो खोटा आहे.

तारीख शाळेवर सोडू नका. आषाढ अमावस्येच्या, म्हणजे गटारीच्या आधीचा आठवडा, डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा आणि दहावी-बारावीच्या निरोप समारंभाआधीचे दिवस धरा. जूनमध्ये शाळा उघडताना घेतलेलं सत्र गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत विरून जातं.

२. पहिली दहा मिनिटं बोलू नका

कागद वाटा. नाव न घालता एक प्रश्न लिहून डब्यात टाकायला सांगा. ज्याला प्रश्न नाही त्याने ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे कोणाला कळत नाही.

चिठ्ठ्यांमध्ये ठरलेल्या गोष्टी निघतात. बियर म्हणजे दारू का? थंडीत रम औषध म्हणून चालते का? वाइन तर फळांची असते ना? वास कसा घालवायचा? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग हसतो आणि शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. रागावू नका. वर्गात कोणीतरी सुरुवात केलेली आहे एवढंच त्यातून कळतं, आणि आपण आलोय ते त्याच्यासाठीच.

“कोणी कोणी चव घेतलीय, हात वर करा” हे मात्र चुकूनही विचारू नका. खरं सांगणारा अडकतो, बाकीचे खोटं बोलतात.

आणि “सर, तुम्ही घेता का?” हा प्रश्न येणारच. खरं तेच एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. घेत असाल तर कॉलेजच्या दिवसांचे किस्से सांगत बसू नका. मुलांच्या लक्षात फक्त किस्सा राहतो.

३. फळ्यावर गणित करा

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, कारण इथे कोणी उपदेश करत नाही.

व्हिस्की किंवा रमच्या लेबलवर आपल्याकडे बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. स्मॉल पेग ३० मिलीचा. मोजपात्रात ३० मिली पाणी घेऊन दाखवा. ३० गुणिले ०.४२८ म्हणजे १२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ०.७९ ने गुणायचं. उत्तर येतं साधारण १० ग्रॅम.

आता स्ट्राँग बियरची मोठी बाटली घ्या. ६५० मिली, ८ टक्के. एखाद्या मुलालाच फळ्यापाशी बोलवा. ५२ मिली, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. वर्ग दोन क्षण गप्प होतो आणि मागून कोणीतरी म्हणतं, “म्हणजे चार पेग?” हो, चार. ५ टक्क्यांची माइल्ड घेतली तरी अडीच. रंगीत, गोड, २७५ मिलीच्या छोट्या बाटलीत ४.८ टक्के असेल तर एक पूर्ण पेग. ‘बियरच तर आहे’ हे वाक्य इथे फळ्यावरच निकालात निघतं, आपल्याला काही बोलावं लागत नाही.

पुढचं गणित वेळेचं. मोठ्या माणसाचं यकृत तासाला जेमतेम एका स्मॉल पेगएवढी दारू निपटतं. रात्री दहाला संपवलेली ती बाटली पहाटे दोन-तीनपर्यंत रक्तात असते. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. फार तर माणूस जागा होतो, पण नशेतच राहतो. एनर्जी ड्रिंक मिसळलं की चढलेली जाणवत नाही, त्यामुळे जास्त प्यायली जाते. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातलं प्रमाण जास्त वाढतं.

मेंदूबद्दल दोनच वाक्यं पुरतात. ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि दारू सगळ्यात आधी तिथेच हात घालते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाच्या आधी पिऊ लागलेल्यांमध्ये व्यसन जडण्याचं प्रमाण एकविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांच्या चौपट आढळलं. वाइनवाल्या चिठ्ठीला उत्तर म्हणून एवढं सांगा: प्रकृतीला धोका नाही अशी दारूची कुठलीच मात्रा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, आणि कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या यादीत दारू १९८८ पासून आहे.

“सगळेच पितात” यालाही आकडाच द्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले. नुसते पुरुष धरले तर २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चार पुरुषांतले जवळजवळ तीन पीत नाहीत. न पिणारे आवाज करत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

४. कायदा, पाच मिनिटांत

महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी दारूसाठी २५. गोव्यात १८, म्हणून सहलीचे बेत तिकडे आखले जातात. महाराष्ट्रात दारू प्यायला परवानाही लागतो, हे ऐकून मुलं (आणि मागे बसलेले शिक्षक) चकित होतात.

मुलांना खरं माहीत नसतं ते पाजणाऱ्याचं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बारवाल्याइतकंच हे काकालाही लागू आहे. गाडीचंही सांगा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेला अपघात (मित्रांसोबत पिऊन अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्याचा आरोप असलेला) मुलांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. ते स्वतःहून काढतील. चर्चा होऊ द्या, पण कोण श्रीमंत, कोणाचा वशिला याकडे वाहवत गेली तर परत आणा. त्या रात्री टेबलावर बसलेल्या मित्रांपैकी एखादा काय करू शकला असता, हा आपला प्रश्न.

५. नकाराची तालीम

निम्मा वेळ यासाठी राखून ठेवा. बाकी काही गाळलं तरी हे गाळू नका.

तिघातिघांचे गट करा. एक देणारा, एक नाकारणारा, एक बघणारा. बघणाऱ्याने तीन गोष्टी पाहायच्या: नाकारणाऱ्याने वाक्य किती लांबवलं, डोळ्यात बघून बोलला का, आणि हात ग्लासाकडे गेला का. ग्लासात साधं पाणी. दर दोन मिनिटांनी भूमिका बदला.

एक नियम आधीच सांगा: देणाऱ्याने झिंगल्याचं नाटक करायचं नाही. हे सांगितलं नाही तर पहिल्या मिनिटाला अर्धा वर्ग डोलायला लागतो आणि तासिकेचा तमाशा होतो. शिवाय खरी दारू देणारा झिंगलेला नसतोच. तो शुद्धीत असतो, प्रेमाने देतो, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जातं.

तालुक्याच्या एका शाळेत कबड्डी खेळणारा दांडगा मुलगा होता. मित्राची भूमिका करणाऱ्याला त्याने “चल हट” म्हणून तीनदा उडवून लावलं. मग समोरच्याने आवाज बदलला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, “अरे, दाजींनी दिलंय, दाजींचा मान ठेव की जरा.” हा हसला, मान खाली घातली, आणि ग्लास हातात घेतला. घेतल्यावर त्याचं त्यालाच कळलं. अनोळखी माणसाची तालीम म्हणूनच मी आता करून घेत नाही. मित्र, चुलतभाऊ, दाजी, मामा आणि मंडळातला ‘भाऊ’ एवढ्यांचीच करून घेतो.

वाक्य छोटं हवं: “नको, मी घेत नाही.” एवढंच, आणि दुसऱ्यांदा तेच, त्याच सुरात. “आज नको” म्हटलं की उद्याचं आमंत्रण पक्कं होतं. कारणं देऊ नका, कारण प्रत्येक कारणाला समोर तोड तयार असते. “गोळ्या चालू आहेत” म्हटलं तर “बियरला चालतं रे”, “घरी कळेल” म्हटलं तर “बडीशेप देतो”. टिकतं असं एकच कारण मी पाहिलंय, खेळाचं: “सकाळी ग्राउंडवर जायचंय.”

मुलांनी आपापसात घडवलेली आणि चालणारी काही उत्तरं:

“घे की घोटभर, काय होतंय?”
“नको. ते थम्सअप इकडे दे.”

“मर्द आहेस का कोण?”
“तुझं चालू दे. चकणा मी संपवतो.”

“माझी शपथ आहे तुला.”
“आधी सुटली म्हण.” (शपथेवर हसत हसत हेच म्हणायचं, चिडलं की शपथ घालणारा जिंकतो.)

“आता मोठा झालास, बस आमच्यात.”
“बसतो की मामा. पण मी घेत नाही. ताट वाढून आणू का तुम्हाला?”

“अगं, ज्यूससारखंच लागतं. चव तर बघ.”
“चव नकोय गं मला. मी माझं पाणी आणलंय.”

मामाच्या उत्तरात मान राखला गेलाय आणि ग्लासही टळलाय, हे वर्गात दाखवून द्या. थोरांना नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा, ही भीती आपल्या मुलांमध्ये फार खोल असते. उठून काहीतरी काम हातात घेणं, पाणी आणणं, वाढायला जाणं, आजीजवळ जाऊन बसणं या आपल्या समारंभांतल्या सोयीच्या पळवाटा आहेत. वापरू द्या.

आणखी काही युक्त्या. हातात स्वतः उघडलेली कोल्ड्रिंकची बाटली असली की कोणी भरायला येत नाही. ती ठेवून कुठे गेलात तर परत आल्यावर त्यातलं पिऊ नका. जाण्याआधी एका मित्राशी ठरवा: दोघेही घेणार नाही, आणि निघायचं तर दोघांनी मिळून. एकट्याचं ‘नको’ हा थट्टेचा विषय होतो, दोघांचं झालं की तो गट होतो.

गाडीची तालीम वेगळी घ्या. स्वतः न पिणारी मुलंही प्यायलेल्या मित्राच्या मागे बसतात, कारण रात्री दुसरी सोय नसते आणि ‘तुझ्यावर विश्वास नाही’ म्हणायची लाज वाटते. “तू जा, मला बाबा न्यायला येतायत” हे वाक्य दहादा म्हणून घ्या.

एक सावधगिरी: ज्याला पुढे यायचं नाही त्याला ओढू नका. बघणाऱ्याची भूमिका त्यासाठीच आहे.

६. मित्र पडला तर

मुलं इथे घाबरून वेळ घालवतात. घरी कळेल, पोलीस येतील, म्हणून पडलेल्याला गच्चीवर नाहीतर शेतातल्या खोलीत ‘उतरेपर्यंत’ झोपवून ठेवतात. फळ्यावर लिहा: हाक मारून, चिमटा काढून उठत नाही, श्वास फार हळू, मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ-नखं निळसर, अंग गार, झोपेतच उलटी. यांतलं एकही दिसलं तर १०८.

गाडी येईपर्यंत कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एका मुलाला बाकावर झोपवून कसं वळवायचं ते दाखवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, चालवत न्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही. डॉक्टरांना काय आणि किती प्यायला ते खरं सांगायचं.

हातभट्टीचा विषय निघाला तर मिथेनॉलचं, म्हणजे तीत मिसळल्या जाणाऱ्या विषारी अल्कोहोलचं सांगा. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, तर दुसऱ्या दिवशी असलं तरी दवाखाना गाठायचा. मिथेनॉलचा त्रास उशिरा सुरू होतो, म्हणून लोक तो हँगओव्हर समजतात.

७. ज्याच्या घरात पिणारं कोणी आहे

प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात, हे धरूनच बोला. ‘दारुडा’, ‘बेवडा’ हे शब्द तोंडात येऊ देऊ नका. ऐकणाऱ्याला त्याच्या वडिलांचा चेहरा दिसतो. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात, आणि तो मुलामुळे झालेला नाही, ही तीन वाक्यं मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या सभा अनेक शहरांत फुकट चालतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन असे गट आहेत.

सत्र संपल्यावर एखादं मूल रेंगाळतं. चपला घालायला उशीर लावतं, फळा पुसायला येतं. त्याला वेळ द्या. “कोणाला सांगू नका” म्हटलं तर तसं वचन देऊ नका. “गरज पडली तर मदत करू शकेल अशा एकाच माणसाला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला विचारेन” एवढंच म्हणा. मारहाण किंवा त्याहून वाईट काही असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापक, शाळेची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आणि १०९८.

मोहाची किंवा ताडीची प्रथा असलेल्या गावात देवाच्या नैवेद्यावर बोट ठेवू नका. मुलांचं वय आणि प्रमाण एवढ्यावरच बोला, नाहीतर पुढच्या वेळी गाव तुम्हाला उभं करणार नाही.

८. पालकांसाठी अर्धा तास

पालकसभेला जोडून घ्या, वेगळं बोलावलं तर ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत. दोनच गोष्टी मागा.

पहिली, खुणेचा निरोप. मुलाने “आजीला औषध दिलं का?” असा मेसेज टाकला की आईने लगेच फोन करून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात “आत्ताच्या आत्ता घरी ये” म्हणून ओरडायचं. दोष आईवर, सुटका मुलाची. आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. हा शेवटचा भाग बापांना पटायला वेळ लागतो. तिथे अडून राहा, कारण एकदा उलटतपासणी झाली की तो मेसेज पुन्हा येत नाही.

दुसरी, मुलाला सोडा, बर्फ, चकणा आणायला पाठवणं बंद करा. “बोट बुडवून चव दे त्याला, बघ कसं तोंड करतो” हा घरगुती विनोदही बंद.

९. पंधरा दिवसांनी परत

एकदा जाऊन हार-नारळ घेऊन आलात तर फार काही उरत नाही. दुसरी फेरी पहिल्या दिवशीच ठरवून घ्या, एका तासिकेची पुरते. त्यात नवीन माहिती नको. डब्यातल्या राहिलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं द्या आणि तालीम पुन्हा घ्या, या वेळी प्रसंग मुलांकडून मागा. ते ‘काल्पनिक’ म्हणून सांगतील. तपशिलावरून कळतं की तसं नसतं. कळलं तरी तसं दाखवू नका.

निघताना नंबरांचा कागद वर्गात आहे ना ते बघा. फळ्याशेजारी लावला असेल तर काढून पाण्याच्या टाकीजवळ किंवा स्वच्छतागृहाच्या दाराआड लावायला सांगा. तिथे कोणाच्या नजरेत न येता नंबर उतरवून घेता येतो.